बोटीवरचे खरकटे ताट : दाराच्या आत की बाहेर?

गेल्या काही वर्षांत आपल्या कापड बाजारात एक नवा रिवाज पडला आहे. पूर्वी सीझन संपला की मिलवाले व्यापाऱ्यांना चांदीचे नाणे, भिंतीवरचे घड्याळ, फार झाले तर एखाद्या थंड हवेच्या ठिकाणची दोन दिवसांची सहल देत. आता 'इतक्या लाखांचा माल उचला आणि बोटीची सफर मिळवा' अशी स्कीम निघते. सिंगापूरहून निघणाऱ्या बोटींवर आपले लोक बऱ्याच वर्षांपासून जात आहेत. सप्टेंबर २०२१ मध्ये मुंबईहून कॉर्डेलियाच्या फेऱ्या सुरू झाल्या, तेव्हापासून तर गोवा-लक्षद्वीपची सफर म्हणजे व्यापाऱ्याच्या घरी नेहमीची गोष्ट झाली. भिवंडी, मालेगाव, इचलकरंजीकडचे छोटे व्यापारीही बायकामुलांसह बोटीवर दिसू लागले आहेत. अल्हम्दुलिल्लाह, चांगली गोष्ट आहे. मात्र दुकानात, पेढीवर आणि लग्नाच्या दावतीत जे अदब आपण पाळतो, ते बोटीवर पाय ठेवताच कुठे जातात, हा प्रश्न मला पडतो. आज एका लहानशा वाटणाऱ्या गोष्टीबद्दल लिहितो. गोष्ट आहे केबिनमध्ये मागवलेल्या जेवणाच्या खरकट्या ताटाची.

ज्यांनी बोट पाहिलेली नाही त्यांच्यासाठी थोडे सांगणे जरूर आहे. मोठ्या पर्यटन बोटीवर जेवणाचे हॉल असतात, तरी फोन केला की वेटर ट्रेमध्ये जेवण, चहा, नाष्टा केबिनमध्ये आणून देतो. ट्रेवर काचेचे ग्लास, चिनी मातीच्या बशा, काटे-सुऱ्या, स्टीलचे घुमटासारखे झाकण आणि कापडी नॅपकिन असतो. जेवण झाले की प्रश्न येतो : हा ट्रे ठेवायचा कुठे? काही बोटींवर सांगतात की आतच ठेवा, फोन करा, आमचा माणूस येऊन नेईल. काही बोटींवर दाराबाहेर ठेवायला सांगतात. आणि पुष्कळ ठिकाणी कोणी काहीच सांगत नाही. मग प्रत्येकजण हॉटेलची सवय घेऊन येतो, दार किलकिले करतो, पायाने ट्रे बाहेर सरकवतो आणि कडी लावतो. त्याच्या लेखी काम झाले. उर्दूत ज्याला 'बला टालना' म्हणतात, ते हेच.

माझे मत स्पष्ट आहे. बोटीने तसे खास सांगितले नसेल तर खरकटे ताट केबिनच्या आतच राहिले पाहिजे आणि फोन करून ते उचलायला बोलावले पाहिजे. रिकाम्या सभ्यतेसाठी हे सांगत नाही. बोट म्हणजे हॉटेल नव्हे, आणि तिची ती निमुळती वाट म्हणजे हॉटेलचा कॉरिडॉर नव्हे.

फजरला उठणाऱ्या माणसाला बोटीची मार्गिका जशी दिसते तशी इतरांना दिसत नाही. रात्री एक-दोन वाजेपर्यंत लोकांनी मागवलेले सगळे पहाटे दाराबाहेर असते. दोन वर्षांपूर्वी एका मिलच्या स्कीममध्ये आम्ही वीस-बावीस व्यापारी एका बोटीवर होतो. पहाटे आम्ही दोघे-तिघे एका मोठ्या केबिनकडे नमाजसाठी चाललो होतो. त्या एका मार्गिकेत मी सतरा ट्रे मोजले. दिवे मंद, गालिचा गडद रंगाचा, बोट थोडी हलत होती. आमच्याबरोबरचे सोलापूरचे एक बुजुर्ग व्यापारी, वय सत्तरच्या पुढे, त्यांचा पाय स्टीलच्या झाकणावर पडला. ते भिंतीवर आदळून बचावले, पण ग्लास फुटून तळपायाला चांगलीच चीर गेली. बोटीच्या दवाखान्यात चार टाके पडले आणि त्याचे बिल त्यांच्याच केबिनच्या खात्यावर चढले. ट्रे कोणाचा होता ते शेवटपर्यंत कळले नाही. तो दोन दारांच्या मधोमध होता, आणि दोन्ही दारे आपल्याच ग्रुपची होती.

आता आगीची गोष्ट. समुद्रात बोटीला खरी भीती पाण्यापेक्षा आगीची आणि धुराची असते. ७ एप्रिल १९९० च्या रात्री नॉर्वेतील ओस्लोहून डेन्मार्ककडे जाणाऱ्या 'स्कँडिनेव्हियन स्टार' या प्रवासी बोटीला आग लागली आणि १५९ माणसे मेली. त्यातील बहुतेक धुरानेच. केबिनमधून बाहेर पडून मार्गिकेत वाट शोधता शोधता कित्येकजण गेले. आम्हा कापडवाल्यांनी लक्षात ठेवण्यासारखी गोष्ट अशी की त्या रात्रीची पहिली आग मार्गिकेत ठेवलेल्या बिछान्याच्या कापडांच्या ढिगाला लागली होती. ती विझवली गेली, पण नंतरची आग काळ ठरली. म्हणजे वाटेत ठेवलेली कोणतीही वस्तू किती निरुपद्रवी दिसते आणि प्रत्यक्षात काय असते, हे तिथे दिसले.

त्या दुर्घटनेनंतर १९९२ साली प्रवासी बोटींचे आंतरराष्ट्रीय नियम कडक झाले. धूर वर चढतो, म्हणून छताचे दिवे आणि वरच्या पाट्या दिसेनाशा होतात. माणसाला वाकून किंवा रांगत जावे लागते. यासाठी सुटकेच्या वाटेवर जमिनीपासून ३०० मिलिमीटरच्या आत, म्हणजे वीतभर-दीड वीत उंचीवर, उजेडाची किंवा अंधारात चमकणारी पट्टी लावलेली असते. पुढच्या वेळी बोटीवर गेलात तर भिंतीच्या तळाशी ती पट्टी पाहा. आणि मग पाहा की भिंतीला टेकवून ठेवलेला ट्रे, त्यावर उभे झाकण आणि त्यावर फेकलेला नॅपकिन नेमकी तीच पट्टी झाकतात. आंधळ्याच्या हातातली काठी काढून घेण्यासारखे हे झाले. मार्गिकेत भिंतीला कठडे असतात, तेही याचसाठी की माणूस कठडा धरून चालत राहील. कठडा धरून चालणाऱ्याचा पाय भिंतीलगतच पडतो, आणि ट्रेही तिथेच असतो.

मार्गिकेत ठिकठिकाणी जाड दारे उघडी दिसतात. ती आगीची दारे. चुंबकाने धरून ठेवलेली असतात, आणि धोका झाला की बोटीच्या नियंत्रण कक्षातून एकदम सोडली जातात व बंद होतात. त्यामुळे धूर पुढच्या भागात जात नाही. अशा दाराच्या वाटेत कोणी ट्रे सरकवून ठेवला तर दार अडकेल. वीतभर फट राहिली तरी धुराला ती पुष्कळ झाली. लोक नेमके त्या कोनाड्यातच ट्रे ठेवतात, कारण तिथे तो 'कोणाच्या मध्ये येत नाही' असे वाटते!

बोट सुटण्याआधी किंवा सुटताच प्रवाशांना धोक्याची कवायत करावी लागते. सात लहान भोंगे आणि एक लांब भोंगा ऐकला की जमण्याच्या जागी जायचे असते. पूर्वी ही कवायत चोवीस तासांत झाली तरी चालत असे. १३ जानेवारी २०१२ रोजी इटलीच्या किनाऱ्याजवळ 'कोस्टा कॉन्कॉर्डिया' कलंडली, ३२ माणसे गेली, आणि त्यानंतर १ जानेवारी २०१५ पासून नियम बदलला. आपले व्यापारी या कवायतीत मोबाईलवर यार्नचे भाव विचारत उभे असतात, ते वेगळे सांगायला नको. बोट कलंडते तेव्हा मार्गिका उतरण होते आणि ट्रेमधली प्रत्येक वस्तू घरंगळत खाली येते, एवढे तरी त्यांनी तिथे उभे असताना मनात आणावे.

रोगराईची बाजू याहून नेहमीची आहे. पर्यटन बोटींवर उलट्या-जुलाबाची जी साथ येते तिच्यामागे बहुतेक वेळा नोरोव्हायरस नावाचा विषाणू असतो. त्याचे अगदी थोडे कण पोटात गेले तरी माणूस आजारी पडतो. संसर्ग झाल्यावर १२ ते ४८ तासांत लक्षणे दिसतात, आणि बरे झाल्यावरही दोन आठवडे किंवा जास्त काळ माणूस तो पसरवू शकतो. दारात ठेवलेले हात चोळायचे अल्कोहोलचे पाणी यावर फारसे चालत नाही. साबण लावून वाहत्या पाण्याखाली वीस सेकंद हात धुणे हाच इलाज. (आपल्याकडे जेवणाआधी आणि नंतर हात धुणे ही सुन्नत आहे, आणि वुजू करणारा माणूस दिवसातून पाच वेळा पाण्याला हात लावतो. पण बोटीच्या बुफेच्या रांगेत हे सगळे विसरलेले मी पाहिले आहे.) अमेरिकेत १९७५ पासून बोटींच्या स्वच्छतेची तपासणी होते, शंभर गुणांची. ८५ किंवा कमी मिळाले तर बोट नापास. तेथील सरकारी खाते असेही सांगते की नोरोव्हायरसच्या एकूण नोंदलेल्या साथींपैकी बोटींवरच्या साथी फक्त एक टक्का असतात. तेव्हा घाबरून सफर रद्द करू नये. पण बंद जागा, हजारो माणसे, तेच कठडे, त्याच लिफ्टची बटणे, म्हणून एकदा शिरकाव झाला की रोग आवरणे कठीण जाते.

आता विचार करा. ज्याला केबिनमध्ये राहायला सांगितले आहे, जो आजारी आहे, तोच जेवण केबिनमध्ये मागवतो. त्याचा चमचा, त्याचा ग्लास, त्याने तोंड पुसलेला नॅपकिन मार्गिकेत उघडा पडतो. तिथून लहान मुले धावत जातात. मुले काय करतात ते आईबापांना माहीत आहे. कोणाच्या बशीत तळलेल्या बटाट्याच्या चार काड्या उरल्या असतील तर उचलून तोंडात टाकतात. मोठी माणसेही कमी नाहीत. न उघडलेली जॅमची बाटली, सफरचंद, केकचा तुकडा 'वाया जाईल' म्हणून दुसऱ्याच्या ट्रेमधून उचलणारे सुशिक्षित लोक मी पाहिले आहेत. अन्न वाया घालवू नये ही शिकवण आपल्या दस्तरख्वानची आहे, पण ती आपल्या ताटाबद्दल आहे. दुसऱ्याच्या दारासमोरचे, किती तास पडले कोणास ठाऊक असे खरकटे उचलणे ही काटकसर नव्हे. शिजवलेले अन्न बाहेर दोन तासांहून जास्त राहू देऊ नये, असे आरोग्याचे जाणकार सांगतात. रात्री बाराच्या ट्रेला पहाटे पाच तास झालेले असतात.

आमच्या घरात हलाल-हरामचा प्रश्नही आहे. पलीकडच्या दारासमोरच्या ग्लासात सरबत आहे की दारू, बशीत कोंबडी आहे की डुक्कर, हे चार वर्षांच्या मुलाला कसे कळणार? याबद्दल बोटवाल्यांशी भांडून उपयोग नाही. बोट सर्वांची आहे. मुलाचा हात धरणे आपले काम आहे. मात्र ट्रे आतच ठेवण्याचा नियम झाला तर हा प्रश्नच उरत नाही, आणि यात आपल्याबरोबर शाकाहारी जैन व मारवाडी व्यापारीही उभे राहतील. बाजारात ते आपले शेजारी आहेतच.

आता त्या माणसाबद्दल, जो ट्रे उचलतो. तो कोण असतो? आपल्या कोकणातील दापोली, खेड, चिपळूण, श्रीवर्धनच्या मोहल्ल्यांत असे घर सापडणे कठीण की ज्यातला कोणी ना कोणी जहाजावर गेलेला नाही. गोव्याचेही पुष्कळ लोक पर्यटन बोटींवर केबिन सांभाळतात, स्वयंपाकघरात काम करतात. आंतरराष्ट्रीय करारानुसार खलाशाकडून २४ तासांत १४ तासांहून जास्त आणि आठवड्यात ७२ तासांहून जास्त काम घेता येत नाही. हा करार ऑगस्ट २०१३ मध्ये लागू झाला, भारताने २०१५ मध्ये त्याला मान्यता दिली. ७२ तास ही जास्तीत जास्त मर्यादा आहे, यावरूनच कामाचा बोजा कळावा. या माणसाला रात्री एका लांब मार्गिकेत चाळीस दारे पाहत, वाकून वाकून खरकटे गोळा करावे लागते, आणि कोणी घसरला तर पहिला दोष त्याच्यावर येतो.

त्याला ट्रेमध्ये काय काय सापडते ते एका खलाशाने मला सांगितले. दाढीचे पाते, गोळ्यांची पाकिटे, लहान मुलाचा लंगोट, आणि नॅपकिनमध्ये गुंडाळलेली इन्सुलिनची सुई! आमच्या वयाच्या व्यापाऱ्यांत साखरेचा आजार घरोघरी आहे, म्हणून ही शेवटची गोष्ट ठळकपणे लिहितो. नॅपकिन झटकताना सुई टोचली तर त्या गरिबाला रक्तातून होणाऱ्या रोगांच्या धास्तीने महिनोन्‌महिने तपासण्या कराव्या लागतात. बोटीवर मागितली तर सुया टाकायची कडक प्लास्टिकची डबी मिळते. पहिल्याच दिवशी मागून घ्यावी. लाज वाटण्यासारखे त्यात काही नाही.

प्लास्टिकचेही असेच आहे. जहाजावरून समुद्रात प्लास्टिक टाकायला पूर्ण मनाई आहे. अन्नाचे उरलेले मात्र २५ मिलिमीटरच्या चाळणीतून जाईल इतके बारीक करून, चालत्या बोटीतून, किनाऱ्यापासून तीन सागरी मैलांच्या पलीकडे सर्वसाधारणपणे टाकता येते. काही राखीव समुद्रांत नियम याहूनही कडक आहेत. म्हणजे भातात खुपसलेली प्लास्टिकची नळी आणि डाळीत बुडालेले सॉसचे पाकीट कोणाला तरी हाताने वेचून काढावे लागते. हे पाच सेकंदांचे काम आपण आपल्याच ट्रेवर केले, प्लास्टिक एका कडेला ठेवले, तर त्याचा हात खरकट्यात जाणार नाही.

कापडाच्या धंद्यातला माणूस म्हणून नॅपकिनबद्दल दोन शब्द. आपल्या सोलापूरचा टॉवेल असो की इतर ठिकाणचा, हॉटेल आणि जहाजांना जाणारे पांढरे कापड कडक धुलाई सोसेल असे विणावे लागते. पण लोक त्याने बूट पुसतात, केसांचा रंग पुसतात आणि ट्रेवर फेकतात. आजारी माणसाने वापरलेला नॅपकिन तर वेगळ्या पिशवीत घालून, वेगळा, गरम पाण्यात धुवावा लागतो. तो आजाऱ्याचा आहे हे मार्गिकेतल्या ढिगातून धोबीखान्याला कसे समजणार? आजारी असाल तर ट्रे नेणाऱ्याला फोनवर तसे सांगणे फर्ज समजा. लपवू नका. केबिनमध्ये बसवून ठेवतील या भीतीने लोक लपवतात, आणि पूर्ण मजल्याला रोग देतात.

काहीजण म्हणतील, आत ठेवले तर वास येतो, केबिन लहान असते. खरे आहे. झाकण घाला, कापडाने झाका, फोन करा. रात्री झोपताना भांडी झाकून ठेवावीत ही प्रेषितांची (स.) शिकवण आपल्याला लहानपणी मदरशातच मिळालेली असते. दुसरे म्हणतील, फोन केला तरी तासभर कोणी येत नाही. हेही खरे, आणि इथे दोष बोटवाल्यांचा आहे, प्रवाशाचा नाही. पैसे घेऊन जेवण पोचवणारी कंपनी ताट उचलायला माणूस ठेवत नसेल तर तिने तसे लिहून द्यावे. सकाळी केबिन झाडायला येणारा माणूस ट्रे नेतोच. तोवर दारावर 'त्रास देऊ नका'ची पाटी लटकवून दुपारी तक्रार करू नये, इतकेच. आणि बक्षिशीची नोट बशीखाली ठेवू नका. ती खरकट्याबरोबर जाते किंवा भलत्याच्या हाती पडते. हातात द्या, सलाम करा, गावाचे नाव विचारा.

जिथे बोटच बाहेर ठेवायला सांगते तिथे काय? तिथे नियम पाळावा, पण ट्रे आपल्या दाराच्या चौकटीला लागून, आडवा न ठेवता भिंतीच्या बाजूने ठेवावा. ग्लास आडवे करावेत, सुऱ्या बशीत, झाकण अन्नावर, नॅपकिन झाकणाखाली. पट्टी आणि आगीचे दार मोकळे ठेवावे. आणि ठेवल्याबरोबर फोन करावा, सकाळपर्यंत वाट पाहू नये. वाटेतली इजा देणारी वस्तू दूर करणे हा ईमानचा भाग आहे असे आपण मानतो. मग अशी वस्तू स्वतःच वाटेत ठेवणाऱ्याला काय म्हणावे, ते मी लिहीत नाही. दुसऱ्याचा ट्रे वाटेत दिसला तर मात्र खरकट्याला हात लावत बसू नका, पायाने ढकलूही नका. जवळच्या फोनवरून केबिनचा नंबर सांगा.

एक व्यवहाराची सूचना करून थांबतो. ज्या मिल्स आणि एजन्सी व्यापाऱ्यांना बोटीवर नेतात, त्यांनी निमंत्रणात पोशाख आणि गाला डिनरची वेळ छापण्याबरोबर ताट कुठे ठेवायचे हेही दोन ओळींत छापावे, मराठी, हिंदी, गुजराती आणि उर्दूत. बोटीच्या कंपनीशी बुकिंग करतानाच विचारावे की रात्री अकरा ते पहाटे पाच या वेळेत आमच्या मजल्यावरचे ट्रे किती वेळाने उचलले जातील, आणि उत्तर लेखी घ्यावे. शंभर केबिन एकदम घेणाऱ्या गिऱ्हाइकाला असे उत्तर मिळते. आपण एक गाठ ग्रे कापड घेताना पिकांची संख्या, पन्हा, वजन सगळे लिहून घेतो. पुढचा सीझन तोंडावर आहे, स्कीमची पत्रके निघू लागली आहेत. आपल्या एजंटला हा प्रश्न याच आठवड्यात विचारावा.